चार घरची पाहुणी उपाशीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शिक्षण पुरवणीतील मायनर विषयांवरचा, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला जोडून घ्यायच्या दुय्यम विषयांवरचा, लेख वाचला. कोकणातील मुलांनी ठरावीक वाटा सोडून कॉग्निटिव्ह सायन्ससारख्या (मन आणि मेंदू कसे काम करतात याचा अभ्यास करणाऱ्या) आंतरविद्याशाखीय विषयाचे मायनर घेण्याचे धाडस दाखवावे, असा उपदेश लेखकमहोदयांनी त्यात केला आहे. असे धाडस दाखवून बसलेल्या एका मुलीचा मी मामा असल्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले.

माझी भाची राजापूर तालुक्यातली. मुंबईतील एका स्वायत्त महाविद्यालयात तिने संख्याशास्त्र हा मुख्य विषय आणि कॉग्निटिव्ह सायन्सचे मायनर घेतले. हे मायनर मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान आणि संगणकशास्त्र असे चार विभाग मिळून चालवतात, असे माहितीपत्रकात छापले होते. मिळून चालवणे म्हणजे काय, ते पाचव्या सत्रात कळले. मेंदू आणि भाषा यांवरचा चार श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) विषय पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून ऐन वेळी रद्द झाला. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे मायनरचे १८ ते २० श्रेयांक पहिल्या तीन वर्षांतच पूर्ण करावे लागतात, तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याचीही सोय नव्हती. तिने एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला. पण त्याचे श्रेयांक तीन. उरलेला एक श्रेयांक कोणी आणि कशाबद्दल द्यायचा, हे विचारायला ती ज्या विभागात जाई, तो विभाग शेजारच्या विभागाकडे बोट दाखवी. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. इथे तर घरे चार होती.

खरा कहर झाला तो प्रकल्पाच्या वेळी. ऑस्ट्रेलियातील गुगू यिमिधिर ही भाषा बोलणारे लोक जवळच्या वस्तूंसाठीही डावे-उजवे न म्हणता पूर्व-पश्चिम म्हणतात, आणि भाषेची ही सवय स्मरणातही उतरते का, यावर स्टीफन लेविन्सन आदी संशोधकांनी बरेच काम केले आहे. आमच्याकडेही समुद्राच्या बाजूची ती खलाटी आणि सह्याद्रीच्या बाजूची ती वलाटी; म्हणून आपल्या माणसांची दिशांची जाण तपासावी, असे या मुलीने ठरवले. जैतापूर खाडीकाठच्या आमच्या घराच्या पडवीत तिने मेजावर गाय, घोडा आणि डुक्कर ही खेळणी एका रांगेत मांडली. शेजारच्या आजींना ती नीट पाहायला लावली आणि मग पाठीमागच्या दुसऱ्या मेजाकडे वळवून तशीच रांग लावायला सांगितले. माणूस असा वळला की उजव्या हाताची खाडी डाव्या हाताला येते. डावे-उजवे धरणारा माणूस अशा वेळी रांग फिरवतो, म्हणजे जनावरांची तोंडे खाडीच्या उलट बाजूला होतात. आजींनी मात्र तिन्ही जनावरांची तोंडे खाडीकडेच ठेवली आणि वर विचारले, ‘मगाशी ती खाडीकडंच बघत व्हती ना?’ एका आजींवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला कोणी शिकवायला नको होते. म्हणून तर तिला गावोगाव फिरून आणखी माणसे तपासायची होती आणि त्यासाठी मार्गदर्शक म्हणून कोणाची तरी सही हवी होती.

मानसशास्त्र विभाग म्हणाला, हे भाषाशास्त्र आहे. भाषाशास्त्र विभाग म्हणाला, हा प्रयोग आहे, मानसशास्त्राकडे जा. संगणकवाल्यांनी यात प्रोग्रॅम कुठे आहे, असे विचारले. तत्त्वज्ञानाच्या बाईंनी अखेर सही केली, तीही सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच आहेत. त्याच प्रकल्पाला अधिकचे काम जोडून राहिलेला श्रेयांकही त्यांनीच मार्गी लावला. मायनर पूर्ण झाले. गुणपत्रिकेवर मात्र त्याचे नाव नाही, नुसते विषयांचे सांकेतिक क्रमांक आहेत.

कानपूरच्या आयआयटीत कॉग्निटिव्ह सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे, अलाहाबाद विद्यापीठात २००२ पासून या विषयाचे केंद्र आहे. तिथे अर्ज करताना या क्रमांकांचा अर्थ उलगडून सांगणारे पत्र महाविद्यालयाकडे मागितले, तर ते नेमक्या कोणत्या विभागाने द्यायचे, हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला आहे आणि अद्याप सुटलेला नाही.

तेव्हा धाडसाची शिकवण आमच्या मुलांना पुरेशी मिळाली आहे. लेखकमहोदयांना सवड असल्यास त्यांनी असे मायनर चालवणाऱ्या महाविद्यालयांत जाऊन एवढेच विचारावे की, अशा विद्यार्थ्याचे कागद कोणाच्या मेजावर जातात आणि त्यावर सही कोणाची चालते. आणि मिळेल ते उत्तर विभागप्रमुखांच्या हुद्द्यासह छापावे.

आपला,
एक जुना वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी
(नाव कळवले आहे, छापू नये.)

ता. क. रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारच्या अंकाबरोबर येते, आणि पावसाळ्यात कधी कधी येतच नाही. वर्गणी मात्र पूर्ण घेतली जाते. वितरण विभागाकडे तक्रार केली असता त्यांनी संपादकीय विभागाला लिहायला सांगितले आहे.