वाळवंटातल्या उपनगराचा पाझर तलाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या बागांची दुरवस्था सांगणारी पत्रे आपल्या दैनिकात नेहमी येतात. मोडके झोपाळे, कोरडी कारंजी, कुलूप घातलेले बालोद्यान. मीही पूर्वी असे एक पत्र लिहिले होते. आजचे पत्र मात्र फिरायला जाण्याच्या एका जागेबद्दल मनापासून चांगले सांगावे म्हणून लिहितो आहे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे बागेतही माझे लक्ष आधी पाण्याकडे जाते.

सध्या मी लेकीकडे अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या गिल्बर्टला आहे. हे फिनिक्स महानगराचे उपनगर. सगळा भाग सोनोरन वाळवंटाचा. पाऊस वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. आमच्या सोलापूर जिल्ह्याला आपण दुष्काळी म्हणतो, तिथे सरासरीने पाचशेच्या वर पडतो. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग 31 दिवस पारा रोज 43 अंशांच्या पुढे गेला होता. हे गिल्बर्ट मुळात लसूणघासाच्या गासड्या बांधून रेल्वेने रवाना करणारे खेडे. 1970 मध्ये वस्ती दोन हजारही नव्हती, 2020 च्या जनगणनेत ती अडीच लाखांच्या पुढे गेली. जुन्या बाजारपेठेत 1925 ची पाण्याची उंच टाकी अजून जपून ठेवली आहे. संध्याकाळी तिच्याभोवतीच गर्दी असते.

अशा ठिकाणी लोक फिरायला कुठे जात असतील, असा मला प्रश्न होता. नातवाने पहिल्याच रविवारी मला 'रिपेरियन प्रिझर्व्ह' नावाच्या जागेत नेले. 110 एकरांची ही जागा 1999 मध्ये झाली. आत शिरलो तर समोर पाणी, काठाला लव्हाळे, मध्ये पांढरे बगळे. मला वाटले नदीचा जुना डोह असेल. पुढे माहितीचा फलक वाचला आणि तिथेच थबकलो. ही सात तळी म्हणजे सरळ सरळ आपले पाझर तलाव आहेत. गावाचे सांडपाणी शुद्ध करून या तळ्यांत सोडतात आणि ते जमिनीत मुरवतात. लोकांना फिरायला बाग हवी म्हणून नुसते पाणी भरून ठेवलेले नाही. पाणी मुरवण्याचे काम करायचेच होते, तर त्याच्या बांधावरून लोकांना चालू का देऊ नये, असा हा विचार आहे.

तळी एकदम भरत नाहीत, आवर्तन ठरलेले असते. एक भरले की दुसरे मुरत असते, तिसरे वाळत असते. तळाला गाळाचा थर बसला की पाझर मंदावतो, म्हणून तळे कोरडे पडू द्यावे लागते. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण याचा एक फायदा मला आयुष्यात कधी सुचला नव्हता. खोल पाण्यात बदके, उथळ पाण्यात बगळे, ओल्या चिखलात लांब चोचीचे पाणपक्षी, असे ज्याला त्याला आपले ताट वाढलेले मिळते. इथे आजवर तीनशेच्या आसपास जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. आपल्या शेकाट्यासारखाच काळा-पांढरा, लालबुंद काटकुळ्या पायांचा पक्षी मी दहा फुटांवरून पाहिला. तो एकेक पाऊल उचलून पुढे टाकी, तेव्हा पायाला लागलेला चिखल थेंबाथेंबाने खाली पडत होता. पाणी सांडपाण्याचे असूनही वास आला तो फक्त ओल्या मातीचा.

झाडे ओळखीची निघाली, याचे फार बरे वाटले. आपण जिला वेडी बाभूळ म्हणून शिव्या देतो, तिची चुलत भावंडे इथे मेस्किट या नावाने मानाने उभी आहेत. ती इथली मूळची, त्यांची सावली बाकांवर पडते. त्यांच्यात हिरवी, गुलाबी तोंडाची लहान पोपटासारखी पाखरे कलकलाट करतात. ती आफ्रिकेतली, पाळलेली पाखरे पिंजऱ्यांतून सुटली आणि इथे रुळली.

तळ्यांना लागूनच सार्वजनिक ग्रंथालय आहे, परवाना काढून मासे धरायला वेगळे तळे आहे आणि एक छोटी वेधशाळाही आहे. शुक्रवारी, शनिवारी रात्री हौशी आकाशनिरीक्षक तिथली मोठी दुर्बीण सर्वांसाठी उघडतात. पैसे लागत नाहीत. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी शनीची कडी प्रथमच डोळ्यांनी पाहिली. रांगेत माझ्यामागे सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. ती वडिलांना सारखी विचारत होती, माझी पाळी येईपर्यंत तो मावळणार नाही ना?

याच गावात 'झान्हेरो पार्क' आहे. नावाचा अर्थ विचारला, तर कळले की हा स्पॅनिश शब्द म्हणजे कालव्याची दारे उघडून शेतकऱ्यांना पाळीने पाणी देणारा माणूस. म्हणजे पाटकरी! ज्यांच्याबरोबर मी रात्री-अपरात्री शेतांना पाणी नेणाऱ्या चाऱ्या तुडवल्या, त्या पाटकऱ्यांच्या नावाने कोणी बाग केली असेल असे स्वप्नातही वाटले नसते. ऐकून माझे डोळे भरून आले. या बागेत जमिनीत पाइप पुरून घुबडांसाठी बिळे केली आहेत. बिळात राहणारे हे लहानसे घुबड आपल्या पिंगळ्याचे जवळचे भाऊबंद. घरे बांधताना त्यांची बिळे बुजतात, म्हणून त्यांना इथे आणून वसवतात. भर दिवसा ते बिळाच्या तोंडाशी एका जागी उभे असते आणि आपण चालू तशी त्याची मान आपल्याबरोबर फिरते.

कालव्यांचे काठही चालायला मोकळे आहेत. हजार वर्षांपूर्वी होहोकाम नावाच्या इथल्या मूळनिवासी लोकांनी इथे मैलोगणती कालवे हातांनी खणले होते, शेजारच्या मेसा गावात एका बागेत त्यांच्या खुणा राखून ठेवल्या आहेत. आजच्या कालव्यांत शेवाळ आणि पाणवनस्पती वाढू नयेत म्हणून गवत्या मासा सोडलेला आहे. चँडलर हे दुसरे शेजारी. तिथे शंभर वर्षांपूर्वी टोप्यांना लावायच्या पिसांसाठी शहामृग पाळत, त्या आठवणीत जत्रा भरते. जत्रा म्हटली की पाळणे आणि खाणे आलेच, ते मी फार पाहिले नाही.

सगळेच आलबेल आहे असे मी म्हणत नाही. इतक्या रखरखाटात हिरवळीची गोल्फ मैदाने आणि घरोघरी पोहण्याचे तलाव पाहून माझा जीव तुटतो. कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे 540 किलोमीटर लांबीच्या कालव्याने या राज्यात आत आणावे लागते आणि ती नदीही आटत चालली आहे. पण 1980 मध्ये या राज्याने भूजलाचा कायदा केला आणि आता फिनिक्ससारख्या भागांत नवी वसाहत उभारणाऱ्याला पुढच्या शंभर वर्षांचे पाणी दाखवावे लागते. आपल्याकडे टँकरच्या भरवशावर इमारती उठतात.

उन्हाचा धडा मला स्वतःला मिळाला. जून महिन्यात सकाळी दहा वाजता, सोलापूरचा माणूस आहे, ऊन मला नवे नाही, या गुर्मीत एकटाच तळ्यांवर गेलो. अर्ध्या वाटेत तोंडाला कोरड पडली, घाम येईना, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका अनोळखी बाईने मला मेस्किटच्या सावलीत बसवले, आपली बाटली दिली, मानेवर ओला रुमाल ठेवला आणि लेक येईपर्यंत जागची हलली नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात सहाच्या आत निघतो. इथले लोकही तसेच करतात. पहाटे साडेपाचला बांधावर दुर्बिणी घेतलेली म्हातारी माणसे भेटतात.

आता मुद्दा. 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर महाराष्ट्रात गावोगाव पाझर तलाव झाले. माझ्या आईने त्यातल्या एकावर खडी फोडली आहे. आज बहुतेकांच्या भरावावर काटेरी झुडपे माजली आहेत, दारूच्या बाटल्या पडल्या आहेत. तिथे चालायला कोणी फिरकत नाही. शहरांत सांडपाणी शुद्ध करण्याचे तंत्र आपल्याकडे नाही असेही नाही. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते. मग दहा कारंज्यांच्या खर्चात प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तळे असे का होऊ नये? पाणी नीट शुद्ध झालेले हवे, त्याची तपासणी दर महिन्याला फलकावर लागावी, काठाने मातीची पायवाट, चार बाक, आणि कोणते पक्षी येतात त्याची पाटी. विद्युत रोषणाई नको, सिमेंटचे हत्ती-जिराफ नकोत. आपल्या दैनिकाने जिल्ह्यातल्या पाझर तलावांची आजची स्थिती वाचकांकडून मागवावी आणि छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डिसेंबरात मी परत येतो आहे. आईने काम केलेल्या तलावाच्या भरावावरून रोज सकाळी चालणार आहे, कोयता बरोबर घेऊन. गावातल्या ज्यांना यायचे असेल त्यांनी साडेसहाला सांडव्यापाशी यावे.

आपला,
एक निवृत्त कालवा निरीक्षक
जि. सोलापूर (सध्या मुक्काम गिल्बर्ट, ॲरिझोना)