वेलिंग्टनहून आबांना

ती. आबा व आईस सा. नमस्कार.

तब्येत ठणठणीत आहे. थंडी सुरू झाली, पण खोलीत हीटर आहे आणि भाकरी मी रोज करते, तेव्हा आईने जीव टांगणीला लावू नये. कळण्याचं पीठ मात्र धाडू नका, पोस्टाचा खर्च पिठाला भारी पडतो.

उशीचं प्रकरण फोनवर नीट सांगता आलं नाही. माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळचे लोक, त्यांच्यात डोकं पवित्र. म्हणून डोक्याची उशी डोक्यालाच. तीच पायाखाली सरकवली की पेशंट तोंडाने काही बोलत नाही, पण मनातून दुखावतो. काही दवाखान्यांत तर त्यासाठी अभ्र्यांचे रंगच वेगळे. जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही, कंगवा ठेवायचा नाही, बेडपॅन तर नाहीच नाही. जीजी कुणाला उशीवर बसू देत नाही, तिला हे लगेच पटेल. माझ्या नर्सिंगच्या वर्गातल्या पोरांना पटायला अख्खा तास जातो.

पण मी शिकवते ते एवढंच नव्हे. विषयाचं नाव 'कल्चरल सेफ्टी'. इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी नर्सने हा विचार लावून धरला आणि 1992 साली इथल्या नर्सिंग कौन्सिलने तो शिक्षणात आणला. दुसऱ्याच्या चालीरीती पाठ करण्याआधी नर्सने स्वतःचं घर तपासायचं, आणि सेवा नीट झाली की नाही ते पेशंटने ठरवायचं. म्हणून पोरांना लिहायला लावते, तुमच्या घरात कुणाला कुठवर येऊ देत? सगळे गप्प. मग आधी मलाच बोलावं लागतं.

आबा, घराची बदनामी केलेली नाही. गावाचं नावही घेतलं नाही. केळीचे घड वाहायला सातपुड्यातून पावरा आदिवासी माणसं यायची, त्यांचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात असायचा, आतल्या मांडणीवर कधी नाही, एवढंच सांगितलं. आई त्यांना पोटभर जेवू घालायची हेही सांगितलं. एका मुलीने विचारलं, मग कप का वेगळा? तुम्ही म्हणाल, शिकली आणि घरालाच नावं ठेवायला लागली. तसं नाही, आबा.

पैसे टाकलेत. आधी सोसायटीचं कर्ज भागवा, ठिबकचं नंतर बघू. भुसावळच्या स्थळाला फोटो दाखवायला हरकत नाही. पण मुलगी कुणाकुणाच्या अंगाला हात लावते असं त्यांनी विचारलंच, तर नर्स आहे, सगळ्यांच्याच लावते, म्हणून सांगा.

आखाजीला येणं होत नाही. रजा नाही म्हटलं होतं, पण खरं तर तिकिटाचे पैसे धाकटीच्या फीमध्ये गेले. तिला कळू देऊ नका, परीक्षा तोंडावर आहे.

तुमची,
ताई