ज्यू परंपरेची ओळख पेण-अलिबागपासून करून द्यावी

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ज्यू धर्म, खाणे आणि पोशाख यांची ओळख करून देणारा लेख आला. विषय निवडल्याबद्दल आभार. पण लेखातला ज्यू माणूस काळा लांब कोट घालतो, फरची टोपी चढवतो आणि बेगल खातो. हा पूर्व युरोपातल्या एका पंथाचा वेश झाला. मराठी वाचकाला ज्यू माणूस दाखवायचा तर पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावे लावणारा, घरात मराठी बोलणारा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या जुन्या ज्यू समाजाचा माणूस, आधी दाखवायला हवा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, 1796 चे, अलिबागचे 1848 चे. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हग्गादात, म्हणजे वल्हांडण सणाच्या (पेसाहच्या) रात्री वाचायच्या पोथीत, वल्हांडणाची रोटी करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. नववधूची पांढरी साडी, आदल्या दिवशीची मेंदी, हिरव्या बांगड्या हे सगळे आपल्या ओळखीचेच आहे. सणांची नावेही तशीच: नवे वर्ष तो नव्याचा सण, किप्पूरचा उपास तो दारफळणीचा सण, यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक तो बिरड्याचा रोजा.

लेखातले ‘शाकाहारी जेवण दिले की कोशेरचा प्रश्न मिटतो’ (कोशेर म्हणजे ज्यू धर्मनियमाप्रमाणे खाण्यास योग्य) हे वाक्य बरेचसे खरे आहे, आणि म्हणूनच त्याने फसगत होते. द्राक्ष आणि ठिबकच्या कामानिमित्त इस्रायली पाहुणे आपल्या भागात येतात. यजमानांसाठी म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

मांसाचा नियम लेखात अर्धाच आला. खूर दुभंगलेले आणि रवंथ करणारे, अशी दोन्ही लक्षणे लागतात. बकरा, मेंढी चालते. डुकराला खूर आहेत पण रवंथ नाही, उंट रवंथ करतो पण खूर तसे नाहीत. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत. म्हणजे कृष्णेतला रोहू, कटला चालेल; मागूर, वाम, कोळंबी आणि खेकडा चालणार नाही. मासा खवले काढून, तुकडे करून आणला तर पाहुण्याला खात्री करता येत नाही, म्हणून निदान खवल्यांसकट थोडी कातडी ठेवावी. प्राणी योग्य असला तरी तो धर्माप्रमाणे शिकलेल्या माणसाने, दाते नसलेल्या सुरीने कापलेला असावा लागतो. सुरीची धार तो नखावर फिरवून तपासतो. मग मांस अर्धा तास पाण्यात, तासभर जाड्या मिठात उतरत्या फळीवर, आणि तीनदा धुऊन. मीठ बारीक घेतले तर ते विरघळून जाते, रक्त ओढत नाही. फळी सपाट असली तर सुटलेले रक्त मांसाखालीच साचते. कलेजीत (यकृतात) रक्त इतके असते की ते मिठाने निघत नाही, विस्तवावर भाजावेच लागते. सांगलीत हे सगळे जमवणे कठीण, तेव्हा मटणाचा आग्रह करूच नये.

दूध आणि मांस एका जेवणात येत नाही. ‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ ही आज्ञा तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, तीनदा आली आहे. मांसानंतर किती थांबायचे ते ज्या त्या समाजावर. सहा तासांपर्यंत थांबणारे पुष्कळ. कोकणातल्या ज्यू स्वयंपाकात नारळाचे दूध इतके का, याचे उत्तर इथे आहे. मटणाच्या रश्शात दही नाही, नंतरच्या गोडात खवा नाही. साताऱ्याचे कंदी पेढे पाहुण्याला जरूर द्यावेत, पण वेगळ्या वेळी आणि चांदीचा वर्ख न लावलेले. वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्यात ठेवून कुटत. 2016 मध्ये त्याला बंदी करणारा नियम निघाला होता, तरी विचारलेले बरे.

शाकाहारी ताटात अडकण्याच्या जागा वेगळ्या आहेत. चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट असू शकते. जेलीत जिलेटिन असते. फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर यांत अळी राहिली तर तो निषिद्ध मांसाहार ठरतो; म्हणून भाजी मिठाच्या पाण्यात ठेवून, पाने उजेडात धरून बघतात. अंडे आधी वाटीत फोडावे, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकावे. ज्या कढईत कधी मटण शिजले तिच्यातली भाजी काटेकोर पाहुणा खाणार नाही. त्याला न कापलेली फळे, शहाळे, सुका मेवा द्यावा आणि वाईट वाटून घेऊ नये.

पलूसकडची वाइनची बाटली भेट देणे हीदेखील नेहमीची चूक. द्राक्षाची दारू आणि द्राक्षाचा रससुद्धा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या ज्यूंच्या हातूनच तयार व्हावा लागतो. बेने इस्रायल घरांनी यावर फार पूर्वीच उपाय काढला आणि तो आपल्या तासगावच्या बाजारात मिळतो. शुक्रवारच्या किद्दूशसाठी, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी, ते मनुक्यांचे सरबत करतात. पाव किलो काळे मनुके कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवायचे, कारण वाळवणीच्या वेळचे तेल आणि धूळ त्यांवर असते. पाऊण लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, हाताने कुस्करायचे आणि मलमलच्या कापडातून पिळायचे. साखर घालू नये. पिवळाधमक बेदाणा घेऊ नका. त्याला गंधकाची धुरी दिलेली असते आणि तो वास रसात उतरतो. भांडे एप्रिलच्या उकाड्यात ओट्यावर राहिले तर सकाळी फेस येतो आणि चव आंबते, म्हणून उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच ठेवायचे.

मलिदा हा खास इथल्या बेने इस्रायलांचा, गोड पोह्यांच्या तबकाचा विधी, आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात संदेष्टा एलियाहू याच्या नावाने तो करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात. अर्धा किलो जाडे पोहे चाळून, धुऊन रोळीत वीस मिनिटे निथळत ठेवायचे. एका मोठ्या नारळाचा चव, पाव किलो साखर किंवा बारीक चिरलेला गूळ, वेलची-जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप आणि बेदाणे एकत्र करून मग त्यात पोहे घालायचे. कागदी पोहे घेतले तर लगदा होतो. साखर तासभर आधी घातली तर तिला पाणी सुटून पोहे चिकटतात. तबकात मलिद्याचा ढीग, भोवती फळे, मध्ये गुलाब किंवा सब्जा. प्रत्येक जिन्नसाची प्रार्थना ठरलेली असते: झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीच्या उपजाची वेगळी, सुवासाची वेगळी. केळ्याला जमिनीच्या उपजाची प्रार्थना म्हणतात, कारण केळीचे खोड वर्षानुवर्षे टिकत नाही. प्रार्थनेचा क्रम चुकू नये म्हणून तबक आधीच तसे मांडतात.

नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा तर कुरडया करणाऱ्या कोणाही बाईला जमेल. गहू तीन दिवस, रोज पाणी बदलून, भिजवायचे. वाटून, गाळून चीक खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी पूर्ण ओतून टाकायचे. ते राहिले की हलवा आंबूस लागतो. एक वाटी दाट चिकाला चार वाट्या नारळाचे दूध आणि दीड-दोन वाट्या साखर, मंद आचेवर, हात न थांबवता. थांबलात की तळाशी गुठळी होते आणि ती नंतर मोडत नाही. कडा सुटून तूप घातल्यासारखी चकाकी आली की तो ताटात ओतायचा. ते नारळाचेच तेल असते.

वल्हांडणात खमीर चालत नाही; त्या सणाची बिनखमिराची रोटी, मात्झा, ‘आपल्या चपातीसारखी’ म्हणणे मात्र अगदी चूक. पिठाला पाणी लागल्यापासून भाजून होईपर्यंत 18 मिनिटांच्या आत काम उरकावे लागते. आपण कणीक मळून अर्धा तास मुरू देतो, तीच तिथे खमीर धरली जाते. गहू धुऊन, वाळवून दळण्याची आपली पद्धतही चालत नाही. गिरणीत जाण्याआधीच त्याला पाणी लागलेले असते. रोटी फुगू नये म्हणून तिला टोचे मारतात. शाळू मात्र खमिराच्या पाच धान्यांत येत नाही. वल्हांडणाच्या आठ दिवसांत भात खाणाऱ्या बेने इस्रायल पाहुण्याला ज्वारीची भाकरी मूळ नियमाने चालायला हवी, युरोपीय परंपरेतला पाहुणा ती टाळेल. अडचण गिरणीची आहे: आधीचे दळण गव्हाचे असेल तर ते पीठ त्या आठवड्यात उपयोगाचे नाही.

मेझुझाला, म्हणजे दाराच्या चौकटीवरच्या डबीला, लेखात ‘दारावरचा ताईत’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. आत जाताना उजव्या हाताच्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागात तो लावतात. आतल्या चर्मपत्रावर तोरातले दोन उतारे 22 ओळींत हाताने लिहिलेले असतात. एक अक्षर पुसले तरी तो बाद होतो. छापील कागद घातलेली डबी शोभेची. प्रार्थनेच्या शालीच्या चार कोपऱ्यांना गोंडे असतात, प्रत्येकात आठ धागे आणि पाच गाठी. हातावर आणि कपाळावर बांधायच्या चामडी पेट्या शनिवारी बांधत नाहीत, तेव्हा शनिवारच्या प्रार्थनेचे म्हणून दिलेले छायाचित्र त्या दिवसाचे नव्हे.

शेवटी एक व्यवहाराची विनंती. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. शुक्रवारी दिवे सूर्यास्ताच्या 18 मिनिटे आधी लागतात, म्हणजे सांगलीत जूनमध्ये पावणेसातच्या आसपास आणि डिसेंबरअखेर पावणेसहाच्या सुमारास. तिथून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत पाहुणा गाडीत बसणार नाही, वहीत सही करणार नाही, फोटो काढणार नाही. शनिवारी दुपारी त्याचा सत्कार ठेवू नये. सणांच्या यादीत आपण फक्त दिवसाची तारीख छापता, त्यामुळे उपास सुरू होऊन गेल्यावर शुभेच्छा पोहोचतात. ‘आदल्या संध्याकाळपासून’ एवढे जोडावे. आणि मागच्या वर्षीच्या तारखेवरून अंदाज बांधू नये. त्यांच्याकडेही अधिक महिना आहे, 19 वर्षांत सातदा, पण तो आपल्यासारखा कुठेही न पडता नेहमी अदार महिन्यालाच जोडून येतो. बेने इस्रायल ज्याला होळीचा सण म्हणतात तो पुरीम अशा वर्षी दुसऱ्या अदारात छापावा.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली