जहाजांच्या लढाईसाठी एक हौद द्या

संपादक महोदय,
नागपुरात समुद्र नाही म्हणून कोणी युद्धनौका बनवू नये असं थोडीच आहे? मी सध्या आयएनएस दिल्लीचं रिमोटवालं मॉडेल बनवतोय, हीच ती नौका जी आधी एचएमएस अकिलीस होती, दुसऱ्या महायुद्धात, 1939 ला, दक्षिण अमेरिकेजवळच्या रिव्हर प्लेटच्या लढाईत लढली आणि 1948 ला आपल्या नौदलात आली. 1:144 स्केलला, म्हणजे खऱ्या नौकेच्या 144 पट लहान केली की, ती साधारण 117 सेंटीमीटर भरते. अशी मॉडेल्स पाण्यात एकमेकांशी लढवायचा हा खेळ आहे, आणि त्यात जहाजं खरोखर बुडतात, कार्बन डायऑक्साइडच्या दाबानं तोफेतून स्टीलचे बारीक छर्रे सुटतात, जहाजाची बाल्सा या हलक्या लाकडाची पातळ फळी टचकन फुटते, पाणी आत शिरतं आणि पंपाला उपसणं झेपलं नाही की संपलं. मग वर काढायचं, भोकं बुजवायची, परत पाण्यात!

पण खेळायचं कुठं? एका ठिकाणी विचारलं तर छर्रे शब्द ऐकूनच नाही म्हणाले. त्यांची काळजी बरोबरच आहे, म्हणून फुटाळा, अंबाझरी हे तलाव नकोच, तिथं लोकं फिरतात ना. गुडघाभर पाण्याचा एखादा बंद पडलेला हौद द्या, जाळी आम्ही लावतो, गॉगलशिवाय कोणाला आत सोडणार नाही आणि छर्रे मॅग्नेटनं वेचून नेऊ.

– एक वाचक, नागपूर