आण्णांची पट्टी

कुपवाड, रविवार

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू चहा न घेताच निघालीस. कोयना एक्स्प्रेस उशिरा आली म्हणे, म्हणजे चहा आरामात झाला असता. असो, ते लिहायला बसलो नाही.

तुझ्या भोपळ्याच्या दिव्याची कडी प्लेटवर बसेना तेव्हा मी हसलो ते चुकलंच. पण तुला नाही हसलो, पट्टीला हसलो. प्लेट मशीनवर कापलेली, बरोबर ३००. सागवानी कडी तू हाताने आखलीस, ती भरली ३०३. तीन दिवस तू प्रोग्राममध्ये चूक शोधलीस, आणि चूक निघाली आण्णांच्या डब्यात! बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्याची, श्रिंकेज पट्टी मुळातच तेवढी ताणलेली असते. हे तुला लहानपणीच सांगितलंय असं मी धरून चाललो होतो. बहुतेक सांगायचं राहिलं.

२०१९ च्या पुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं तेव्हा आण्णा म्हणाले होते, कागदं राहू देत, डबा घे. तुझी दहावीची मार्कशीट भिजली ती त्यामुळे. आईने अजून माफ केलेलं नाही.

आणखी एक. भोपळा आतून घासताना तू तोंडाला ओढणी बांधली होतीस. ओढणीने धूळ अडत नाही गं. वाळल्या भोपळ्याचा भुस्सा बारीक, घशात बसला की बसला. एन९५ वापर. झालं, पुन्हा यावर लिहिणार नाही.

भोकं पाडताना भोपळा फिरवणाऱ्या त्या मोटरचं मात्र मी सांगितलं ते खरं होतं की नाही? एका फेरीचे ३२०० टप्पे. दोन भोकांमध्ये, सूर्यफुलाच्या बियांसारखे, १३७.५ अंश आणि वर थोडं, म्हणजे १२२२ टप्पे आणि वर पावाहून थोडं जास्त. तू ते वरचं सोडून द्यायचीस. एका भोकाला ते दिसत नाही, पण तीनशेव्या भोकापर्यंत जवळजवळ दहा अंश सरकतं. प्रत्येक भोक शून्यापासून मोजायचं, मागच्या भोकापासून नाही. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. आण्णांनी एकदा अख्खा पॅटर्न माझ्यासमोर बंबात घातला होता, तेव्हा कळलं. बघ, पुन्हा मास्तरकी सुरू झाली. माफ कर.

दिवा तू रागात इथेच ठेवून गेलीस. काल रात्री लावला. भिंतभर ठिपके. एका बाजूला वळणाऱ्या रांगा मोजल्या, ३४ भरल्या. उलट्या बाजूच्या २१. पुन्हा मोजल्या. आई म्हणाली, अर्ध्या रात्री भिंत काय मोजताय, झोपा. झोपलो नाही. देठाजवळ भोकं दाट होत जातात तिथे एकही भोक दुसऱ्याच्या अंगावर चढलेलं नाही. चाळीस वर्षं मी लाकडाचं काम केलं, पण माझा पॅटर्न वाळूत जायचा आणि लोकांना दिसायचं ते बीड. तुझं लाकूड समोर दिसतं. हे परवा बोलायला हवं होतं.

मिरजेला सितारमेकर गल्लीत गेलो होतो, डागी भोपळ्याचे राहिलेले पैसे द्यायला. म्हणाले, पंढरपूरकडून येतात त्यातले तंबोऱ्याला न चालणारे तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवतील. फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि एवढंच विचारलं, आतून जाडी किती ठेवलीय? मला सांगता आलं नाही. कळव.

आण्णांनी विडीला कधी हात लावला नाही, तरी शेवटची सहा वर्षं रात्रभर खोकायचे. तू तेव्हा हॉस्टेलला होतीस. मी शेजारच्या खोलीत असायचो. धाकटीने मोबाईलवर वाचून दाखवलं, लाकडाच्या भुश्शाचं नाव १९९५ पासून कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे. तुला घाबरवायला लिहीत नाही. मीच घाबरलोय.

मंगळवारी पार्सल निघेल. त्यात एक साधी स्टीलची पट्टी आहे, तासगावचे बेदाणे आणि वीस मास्क. मास्क आईने घातलेत. आण्णांच्या पट्टीवर लाल ऑइलपेंटने ‘बीड’ लिहून टाकलंय. पट्टी तुझीच आहे, येशील तेव्हा घेऊन जा. कडी मी घासून ३०० वर आणली असती, पण तुला विचारल्याशिवाय हात लावला नाही.

तुझे,
बाबा

ता. क. वीसच्या वीस मास्क संपले की सांग. म्हणजे आईला सांग.