थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे

महोदय,

आंब्याच्या पेट्या भरून चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना माझ्या पिकअपचा तापमानाचा काटा लाल पट्टीपर्यंत जाई आणि लगेच खाली येई. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच त्यातील द्रव रेडिएटरकडे थंड व्हायला सोडणारी झडप) कायमचा काढून टाकण्याचा सल्ला दोन गॅरेजांत मिळाला; तो चुकीचा आहे, कारण त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही आणि डिझेल जास्त जळते. मी थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात तापवून पाहिला, तेव्हा ८२ अंशांच्या आसपास व्यवस्थित उघडला. दोष होता होजच्या (रबरी नळीच्या) सैल क्लिपमध्ये. तिच्याखाली हिरवट थर साचला होता, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) झिरपून आत हवा शिरत होती. क्लिप बदलून, थंड इंजिनात कूलंट भरून हवा काढल्यावर काटा स्थिरावला. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कोणीही उघडू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाहनचालक, चिपळूण