“मूळचे कोण?”

प्रिय आई-बाबा,

प्रभूच्या नावाने सलाम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “तिथे आपलं चर्च नाही, आपली माणसं नाहीत, मग तुझं कसं चाललंय?” मी तेव्हा बँकेच्या शाखेत कामावर होते, समोर माणसं उभी होती, म्हणून “बरं चाललंय” म्हणून फोन ठेवला. पण तुम्ही जेवणाखाण्याचं विचारत नव्हतात, हे मला कळलं होतं. आई, हे पत्र तू बाबांना वाचून दाखव. मोतीबिंदू काढेपर्यंत त्यांनी डोळ्यांना ताण देऊ नये.

इथे नवीन माणूस आला की आधी आडनाव विचारतात. आपल्या आडनावावरून कुणाला पत्ता लागत नाही. मग गाव विचारतात. नगर म्हटलं तरी समाधान होत नाही. शेवटी मी ख्रिस्ती आहे असं सांगितलं की क्षणभर थांबून पुढचा प्रश्न येतो, “हो, पण मूळचे कोण?” पीककर्जासाठी आलेले शेतकरी हे विचारत नाहीत, त्यांच्यापुढे पेरणी उभी असते. विचारतात ते शिकलेले लोक. खोली भाड्याने बघत होते तेव्हाही हाच प्रश्न आला, आणि उत्तर ऐकल्यावर एका घरमालकांना अचानक आठवलं की खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे.

कॉलेजात असताना हा प्रश्न मला फार लागायचा. मी विषय बदलायचे. आता बदलत नाही. सरळ सांगते, की माझे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात दख्खनभर माणसं अन्नावाचून मेली, त्यानंतर आमच्या घरात पहिला बाप्तिस्मा झाला. यावर कुणी हमखास म्हणतं, “म्हणजे पोटासाठीच.” बाबा, तुम्ही या वाक्यावर नेहमी गप्प बसायचात. मला मात्र वाटतं, याचं उत्तर मान वर करून द्यावं. ज्याला गावाने पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही, त्याला कुणी पोटभर वाढलं, शेजारी बसवलं, त्याच्या पोराच्या हातात पाटी दिली, तर हे कोणाच्या नावाने चाललं आहे असं त्याने विचारावं, यात कमीपणा कसला? येशूने अरण्यात जमलेल्या पाच हजारांना उपाशी परत पाठवलं नाही. आणि दुष्काळ सरला, पाऊस पडला, धान्य आलं, तरी आपले खापरपणजोबा मागे फिरले नाहीत. त्यांनी भावकीचा बहिष्कार सोसला. नुसत्या भाकरीसाठी कुणी एवढं सोसत नाही.

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, हे तुम्ही माझ्या शिक्षणाच्या वेळी भोगलंतच. म्हणजे लोक जात विसरू देत नाहीत आणि कागद ती धरत नाही. या दोन्हींच्या मध्ये मी बरीच वर्षं उभी होते. तिथून मला बाहेर काढलं ते बायबलमधल्या यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायाने, जिथे देव म्हणतो की मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे, तू माझी आहेस. आई हा अध्याय तू मला लहानपणी पाठ करून घेतला होतास. पण पाठ असणं वेगळं. तो माझ्याशीच बोलतो आहे असं इथे आल्यावर वाटलं, भाड्याच्या खोलीत, कुणी ओळखीचं नसताना. आडनाव, गाव, दाखला यांतलं काहीही न विचारता ज्याने मला हाक मारली, त्याच्यासमोर मला काहीच सिद्ध करायचं नाही.

पुण्याहून रेल्वेने नगरला येताना पुणे-दौंड मार्गावर केडगाव लागतं, तेव्हा मला पंडिता रमाबाई आठवतात. त्या ब्राह्मण घरातल्या, संस्कृतच्या पंडिता, त्यामुळे त्यांचं ‘मूळ’ सगळ्यांना ठाऊक होतं. तरी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनाही आपण कोण हे ठरवावं लागलं. त्यांनी मांसाहार केला नाही. तिथल्या सिस्टरांच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर ती संस्कृतात का नकोत, असं त्यांनी सरळ विचारलं. आणि पुढे केडगावात बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. 1921 मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक. तरी त्यांनी काम सोडलं नाही, ते पुरं केलं आणि एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या. “ख्रिश्चन असून मराठी इतकं छान कसं बोलता?” असं मला कुणी विचारतं तेव्हा मी आधी त्यांचं नाव घेते आणि मग नारायण वामन टिळकांचं. आपण रविवारी टाळ घेऊन जी भजनं म्हणतो, त्यांतली कितीतरी त्यांचीच.

आता रोजचं सांगते. सकाळी पाणी यायच्या आधी उठते, एक अध्याय वाचते, प्रार्थना करते. काही दिवस नुसतं वाचून होतं, मनात काही उतरत नाही. तरी वाचते. खरीप सुरू झाला तेव्हा वरून तोंडी सांगण्यात आलं की पीककर्जाबरोबर प्रत्येकाला एक जीवन विम्याची पॉलिसी द्यायचीच, टार्गेट आहे. शेतकऱ्याला वाटतं, यावर सही केली नाही तर कर्ज अडेल. त्याला तसं वाटू द्यायचं, एवढंच आमच्याकडून अपेक्षित होतं. खोटं बोलायलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात मी मत्तयाचं शुभवर्तमान वाचत होते. पाचव्या अध्यायात आलं, ‘तुमचे बोलणे, होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे.’ देवाचा आवाज आकाशातून वगैरे आला नाही. पण काउंटरवर बसले तेव्हा सातबारा घेऊन आलेल्या पहिल्या आजोबांना मी सांगितलं, “ही पॉलिसी ऐच्छिक आहे, नको असेल तर घेऊ नका, कर्ज अडणार नाही.” ते म्हणाले, “मग नको, बाई.” त्यानंतर प्रत्येकाला हेच सांगत गेले. माझं टार्गेट अपुरं राहिलं. साहेब नाराज आहेत, बदलीही होईल कदाचित. तुम्ही काळजी कराल म्हणून सांगितलं नव्हतं, पण बाबा, रात्री मला शांत झोप लागते.

रविवारी जमेल तेव्हा एसटीने जालन्याला चर्चला जाते. तिथल्या म्हाताऱ्या बायका माझी जागा धरून ठेवतात आणि उपासना झाल्यावर घरी जेवायला नेतात. आई, त्यांच्या आमटीत गूळ नसतो, बाकी सगळं आपल्यासारखंच.

ऑपरेशनची तारीख मिळाली की लगेच कळवा, मी रजा टाकून येते. तोवर रोज रात्री आठला फोन करीन आणि बाबांसाठी एक अध्याय वाचीन. मार्कापासून सुरू करू या का? तुम्हाला दुसरं काही हवं असेल तर सांगा.

तुमची,
लेक